टाकीपासून एचएमआयवरच्या आकड्यापर्यंत : पीएलसीच्या ॲनालॉग इनपुटवर सेन्सर कसा वाचावा

काही वर्षांपूर्वी बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कूलिंग टॉवरला पाणी पुरवणाऱ्या टाकीवर आम्ही पातळीचा ट्रान्समीटर, म्हणजे पातळी मोजून तिचा विद्युत सिग्नल देणारा सेन्सर, बसवला. टाकी चार मीटर उंच, ट्रान्समीटरची रेंज ० ते ४ मीटर आणि सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचा होता. काम संपले तेव्हा टाकी जवळजवळ भरलेली होती. काचेच्या नळीत ३.८ मीटर दिसत होते, एचएमआयवर, म्हणजे ऑपरेटरसमोरच्या पडद्यावर, ३.८४ येत होते आणि एवढ्या फरकाकडे लक्ष देण्याची कोणालाच गरज वाटली नाही. तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी होऊनही पंप चालूच राहिला आणि त्याचे मेकॅनिकल सील जळाले. पातळी ०.५ मीटरच्या खाली गेली की पंप बंद व्हावा, असा इंटरलॉक प्रोग्रॅममध्ये होता. परंतु एचएमआयवरचा आकडा ०.८ च्या खाली कधी उतरलाच नाही, कारण पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, त्यातील तो चॅनल (सिग्नल घेणारा इनपुट) मी ४ ते २० ऐवजी ० ते २० मिलिअँपिअरवर ठेवला होता. ट्रान्समीटर निर्दोष होता आणि पीएलसीचे सिग्नल वाचणारे मॉड्यूलही निर्दोष होते. चूक माझी होती आणि ती सापडली नाही याचे कारण असे की आम्ही तपासणी फक्त एका बिंदूवर केली, तीही भरलेल्या टाकीवर, जिथे या चुकीचा परिणाम सर्वांत कमी दिसतो.

त्या घटनेनंतर मी प्रत्येक ॲनालॉग इनपुटचे काम एका ठरावीक क्रमाने करतो आणि तो क्रम येथे सविस्तर देत आहे. उदाहरण म्हणून हीच टाकी शेवटपर्यंत घेतली आहे, कारण दाब, प्रवाह किंवा तापमानाच्या ट्रान्समीटरलाही बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतात. बडोद्यात १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनात तांत्रिक विषय लोकांच्या भाषेत शिकवण्याचा आग्रह होता. आज मकरपुरा किंवा नंदेसरीच्या कारखान्यांत रुजू होणाऱ्या आपल्या मुलांना हा विषय मराठीत वाचायला मिळावा, असे मला मनापासून वाटते.

सिग्नल आधी समजून घ्यावा

डिजिटल इनपुटला फक्त "आहे" किंवा "नाही" एवढेच कळते. ॲनालॉग इनपुटला मात्र मधली प्रत्येक किंमत मोजावी लागते. ट्रान्समीटर पाण्याच्या पातळीचे रूपांतर विद्युत्प्रवाहात करतो, मॉड्यूल त्या प्रवाहाचे रूपांतर एका पूर्णांकात करते, ज्याला आपण काउंट म्हणतो, आणि प्रोग्रॅम त्या काउंटचे रूपांतर मीटरमध्ये करतो. अशी ही तीन रूपांतरे आहेत आणि चूक यांपैकी कोणत्याही ठिकाणी होऊ शकते. म्हणून आकडा चुकीचा दिसला की प्रथम मधल्या टप्प्यावर, म्हणजे मिलिअँपिअरवर जावे. तेथे प्रवाह बरोबर असेल तर दोष पीएलसीच्या बाजूला असतो आणि प्रवाहच चुकीचा असेल तर दोष फील्डमध्ये, म्हणजे ट्रान्समीटर आणि त्याच्या तारांच्या बाजूला असतो.

४ ते २० मिलिअँपिअरची पद्धत जुन्या हवेच्या सिग्नलची वारसदार आहे. त्या काळी नियंत्रणासाठी ३ ते १५ पीएसआय दाबाची हवा वापरत असत. तेथेही खालची मर्यादा शून्य नव्हती आणि खालच्या व वरच्या किमतीचे गुणोत्तर १ : ५ हेच होते. शून्य पातळीला ४ मिलिअँपिअर ठेवण्याचे दोन मोठे फायदे आहेत. एक म्हणजे तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि "टाकी रिकामी" व "तार तुटली" या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. दुसरा फायदा असा की त्या ४ मिलिअँपिअरमध्येच दोन तारांच्या ट्रान्समीटरचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक्स चालते, त्यामुळे वेगळ्या पुरवठ्याच्या तारा ओढाव्या लागत नाहीत.

० ते १० व्होल्टचा सिग्नल स्वस्त आणि सोपा असतो, पण तो पॅनेलच्या आत किंवा काही मीटर अंतरापुरताच वापरावा, असे माझे मत आहे. लांब केबलमध्ये व्होल्टेज सिग्नलमध्ये बाहेरचा गोंगाट सहज शिरतो आणि सामाईक तारेतील व्होल्टेज ड्रॉप थेट वाचनात मिसळतो. प्रवाहाचे तसे होत नाही, कारण एकाच लूपमध्ये, म्हणजे तारांच्या बंद वर्तुळात, प्रवाह सगळीकडे सारखा असतो, केबल पन्नास मीटर असो वा पाचशे.

जोडणीपूर्वी दोन्ही डेटाशीट समोर ठेवाव्यात

ट्रान्समीटरच्या डेटाशीटमधून चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : मोजण्याची रेंज, आउटपुटचा प्रकार, चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेज आणि तारांची संख्या. मॉड्यूलच्या डेटाशीटमधून चॅनल करंटचा आहे की व्होल्टेजचा, त्याचा अंतर्गत रोध किती आहे, पूर्ण रेंजला काउंट किती मिळतो आणि चॅनल एकमेकांपासून विलग आहेत की सर्वांचा कॉमन (सामाईक तार) एकच आहे, हे पाहावे. उदाहरणार्थ, सीमेन्सच्या एस७-१२०० मालिकेतील १२१४सी या सीपीयूवर दोन ॲनालॉग इनपुट अंगचेच असतात, पण ते ० ते १० व्होल्टचे असतात. त्यांवर ४ ते २० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर थेट जोडता येत नाही. त्यासाठी वेगळे मॉड्यूल घ्यावे लागते किंवा इनपुटवर ५०० ओहमचा अचूक रोध समांतर लावून प्रवाहाचे २ ते १० व्होल्ट करावे लागतात. रोधाचा मार्ग निवडल्यास तो एक टक्क्याचा नव्हे, तर ०.१ टक्के अचूकतेचा घ्यावा, कारण रोधातील चूक जशीच्या तशी वाचनात येते.

रिझोल्यूशनची, म्हणजे सिग्नलचे किती बारीक भाग वाचता येतात याची, चिंता नवीन मंडळी गरजेपेक्षा जास्त करतात. १२ बिटचे मॉड्यूल ० ते २० मिलिअँपिअरचे ४०९६ भाग करते आणि त्यांपैकी ४ ते २० च्या वाट्याला सुमारे ३२७७ भाग येतात. आपल्या चार मीटरच्या टाकीत एक भाग म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर होतो. टाकीत पडणाऱ्या पाण्याच्या लाटाच त्यापेक्षा मोठ्या असतात.

तारा जोडणे

दोन तारांच्या ट्रान्समीटरमध्ये पॅनेलमधील २४ व्होल्टचा धन टोक फ्यूजमधून ट्रान्समीटरच्या धन टर्मिनलवर जातो, ट्रान्समीटरच्या ऋण टर्मिनलवरून तार मॉड्यूलच्या धन इनपुटवर येते आणि मॉड्यूलचा ऋण इनपुट २४ व्होल्टच्या शून्याला जोडला जातो. हे एकच वर्तुळ आहे आणि त्यात ट्रान्समीटर व मॉड्यूल एकामागोमाग एक येतात. तीन तारांच्या ट्रान्समीटरला धन, शून्य आणि सिग्नल अशा वेगळ्या तारा असतात. चार तारांचा ट्रान्समीटर, उदाहरणार्थ बहुतेक मॅग्नेटिक फ्लोमीटर, स्वतःच्या वेगळ्या पुरवठ्यावर चालतो आणि सिग्नलचा प्रवाह स्वतःच पुरवतो. अशा सक्रिय आउटपुटला पॅनेलमधून पुन्हा २४ व्होल्ट दिल्यास आउटपुटचे कार्ड किंवा मॉड्यूलचा चॅनल खराब होऊ शकतो. म्हणून चार तारांचे उपकरण जोडण्यापूर्वी त्याचे आउटपुट सक्रिय आहे की निष्क्रिय, हे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय तार घट्ट करू नये.

लूपमधील व्होल्टेजचा हिशेब फारच थोडे लोक करतात, म्हणून तो येथे पूर्ण मांडतो. पुरवठा २४ व्होल्टचा आहे आणि ट्रान्समीटरला किमान १२ व्होल्ट लागतात असे धरू. मग लूपमधील बाकी सर्व गोष्टींसाठी १२ व्होल्ट उरतात. मॉड्यूलचा रोध २५० ओहम असेल तर २० मिलिअँपिअरला तो ५ व्होल्ट खातो. केबल २०० मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटरची असेल तर जाऊन-येऊन ४०० मीटर तांब्याचा रोध सुमारे ७ ओहम होतो, म्हणजे नगण्य. इथपर्यंत सर्व ठीक आहे. पण नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीत, ज्वलनशील वाफांच्या क्षेत्रात, त्याच लूपमध्ये सुमारे ३०० ओहमचा झेनर बॅरियर, म्हणजे ठिणगी पडू नये म्हणून ऊर्जा मर्यादित ठेवणारे उपकरण, येतो आणि ऑपरेटरच्या सोयीसाठी कोणीतरी मध्येच चार व्होल्ट खाणारा लूप इंडिकेटरही बसवतो. आता उरलेल्या ८ व्होल्टमध्ये ५५७ ओहमचा रोध आहे, म्हणजे प्रवाह १४.४ मिलिअँपिअरच्या पुढे जाऊच शकत नाही. परिणाम असा होतो की टाकी कितीही भरली तरी वाचन ६५ टक्क्यांवर थांबते. खालच्या भागात सर्व काही अचूक दिसत असल्यामुळे दोष ट्रान्समीटरवर ढकलला जातो आणि चांगला ट्रान्समीटर बदलला जातो.

केबल पीळ दिलेल्या जोडीची आणि शील्ड, म्हणजे तारांभोवती धातूचे आवरण, असलेली घ्यावी. शील्ड फक्त एका टोकाला, शक्यतो पॅनेलच्या बाजूला अर्थ करावी, म्हणजे जमिनीशी जोडावी, आणि फील्डच्या टोकाला ती कापून नीट इन्सुलेट करावी, कारण दोन्ही टोके अर्थ केली की दोन ठिकाणच्या अर्थमधील फरकामुळे शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या मोटर केबलपासून सिग्नल केबल निदान ३०० मिलिमीटर दूर न्यावी. ती ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. तारेच्या प्रत्येक टोकाला फेरूल (धातूची टोपी) लावून टॅग नंबर घालावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण रात्री दोन वाजता दोष शोधताना याच टॅगचा आधार असतो.

चॅनल ठरवणे आणि स्केलिंग

प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये चॅनलचा प्रकार, रेंज आणि फिल्टर हे तिन्ही ठरवावे लागते. आमची चूक येथेच झाली होती. ० ते २० वर ठेवलेल्या चॅनलला रिकाम्या टाकीचे ४ मिलिअँपिअर मिळाले की तो २० टक्के समजतो, म्हणून ०.८ मीटर दाखवतो. अर्ध्या टाकीला १२ मिलिअँपिअर येतात, ते त्याला ६० टक्के वाटतात आणि २ ऐवजी २.४ मीटर दिसतात. पूर्ण भरलेल्या टाकीला मात्र उत्तर अगदी बरोबर येते. फिल्टरमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय निवडावा, कारण आपल्याकडील वीजपुरवठ्याचा गोंगाट त्याच वारंवारतेचा असतो. जे चॅनल वापरात नाहीत ते बंद ठेवावेत किंवा मॉड्यूलच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे शॉर्ट करावेत.

स्केलिंगचे सूत्र एका सरळ रेषेचे आहे. मिळालेल्या काउंटमधून खालचा काउंट वजा करावा, त्याला काउंटच्या पूर्ण पल्ल्याने भागावे, आलेल्या उत्तराला मोजमापाच्या पल्ल्याने गुणावे आणि शेवटी मोजमापाची खालची किंमत मिळवावी. सीमेन्सच्या मॉड्यूलमध्ये ४ ते २० वर ठेवलेल्या चॅनलला ४ मिलिअँपिअरला ० आणि २० मिलिअँपिअरला २७६४८ काउंट मिळतो. काउंट १०३६८ आला, तर १०३६८ भागिले २७६४८ म्हणजे ०.३७५, गुणिले ४ म्हणजे १.५ मीटर. पडताळणीसाठी उलटा हिशेब करावा : १६ चे ०.३७५ पट ६ होतात, त्यात ४ मिळवले की १० मिलिअँपिअर. मल्टिमीटरनेही १० च दाखवले पाहिजेत. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉर्म_एक्स आणि स्केल_एक्स हे दोन ब्लॉक हेच गणित करतात. इतर कंपन्यांच्या कंट्रोलरमध्ये काउंटचा पल्ला ० ते ४०००, ० ते ४०९५ किंवा ० ते ३२७६७ असा वेगळा असतो, पण सूत्र तेच राहते.

हे गणित रिअल, म्हणजे दशांश असलेल्या, प्रकारच्या संख्येतच करावे. पूर्णांकात भागाकार आधी केला तर १०३६८ भागिले २७६४८ चे उत्तर शून्य येते. गुणाकार आधी केला तर सोळा बिटच्या पूर्णांकाची ३२७६७ ही मर्यादा ओलांडली जाते आणि भलताच, कधी ऋण आकडा येतो.

पाण्याऐवजी दुसरा द्रव असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तळाशी बसवलेला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समीटर उंची मोजत नाही, तो दाब मोजतो. एक मीटर पाण्याचा दाब ०.०९८१ बार असतो. सुमारे १.५ सापेक्ष घनतेच्या कॉस्टिक लायचा (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा) तेवढ्याच उंचीचा दाब दीडपट असतो आणि ट्रान्समीटर पाण्याच्या हिशेबाने लावलेला असेल तर दोन मीटर लाय तीन मीटर दिसते.

तापमानाच्या सेन्सरविषयी थोडक्यात सांगतो. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या तापमान सेन्सरचा रोध ० अंश सेल्सिअसला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५१ ओहम असतो, म्हणजे एका अंशाला सुमारे ०.३८५ ओहम. दोन तारांनी जोडल्यास केबलचा केवळ २ ओहम रोधही वाचन पाच अंशांनी वाढवतो, म्हणून तीन तारांचीच जोडणी करावी. थर्मोकपलला, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या तापमान सेन्सरला, साध्या तांब्याच्या केबलने लांबवू नये. त्याच्याच प्रकारची कॉम्पेन्सेटिंग केबल मॉड्यूलपर्यंत न्यावी.

दोष ओळखण्याची व्यवस्था

नामूर या प्रक्रिया उद्योगातील संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीनुसार ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हा खऱ्या मोजमापाचा पट्टा आहे आणि ३.६ किंवा त्याखाली, तसेच २१ किंवा त्यावर गेलेला प्रवाह दोष मानावा. हे प्रोग्रॅममध्ये स्वतः लिहावे लागते. ते न लिहिल्यास काय होते ते पाहा. तार तुटल्यावर काही मॉड्यूल सर्वांत मोठा काउंट, म्हणजे ३२७६७ देतात. तो सरळ स्केलिंगमध्ये गेला तर आपली चार मीटरची टाकी ४.७४ मीटर भरलेली दिसते आणि पंपाला पाणी भरपूर आहे असे वाटते. म्हणून दोषाची खूण लागताच ते वाचन अवैध ठरवावे, अलार्म द्यावा आणि पंप कोणत्या बाजूला जाणे सुरक्षित आहे ते प्रक्रिया चालवणाऱ्या माणसाशी बसून ठरवावे. कोरडा चालू नये असा पंप दोषात बंद व्हावा, पण ज्याच्या थांबण्याने भट्टीचे थंड पाणी तुटते त्या पंपाचा निर्णय वेगळा असेल. हा निर्णय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकट्याने घेऊ नये.

एक दोष मात्र या व्यवस्थेतूनही निसटतो आणि बडोद्याच्या पावसाळ्यात तो हमखास भेटतो. ग्लँड, म्हणजे केबल आत घेणारी घट्ट चकती, सैल राहिला, की जंक्शन बॉक्समध्ये पाणी किंवा दमट हवा शिरते आणि टर्मिनलच्या दोन तारांमध्ये ओलाव्याचा मार्ग तयार होतो. तेथून गळणारा प्रवाह ट्रान्समीटरच्या प्रवाहात मिळतो आणि वाचन वाढते. ०.१६ मिलिअँपिअर गळती म्हणजे एक टक्का. तार तुटलेली नसते आणि प्रवाह वैध पट्ट्यातच असतो, म्हणून अलार्म येत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतरच्या आठवड्यांत मी असे बॉक्स उघडून पाहिले आहेत : टर्मिनलच्या पितळेवर हिरवट थर, तळाशी बोटभर पाणी आणि एचएमआयवर अगदी शांत, स्थिर, पण सहा टक्क्यांनी चढलेला आकडा. याची परीक्षा सोपी आहे. ट्रान्समीटरजवळ प्रवाह मोजावा आणि पॅनेलमध्ये मोजावा. दोन्हींत फरक आला तर गळती त्या दोन जागांच्या मध्ये आहे. ग्लँड खालच्या बाजूने घ्यावा, केबलला आत जाण्यापूर्वी झोळ द्यावा आणि पाण्यात सोडलेल्या ट्रान्समीटरच्या केबलमधील हवेची बारीक नळी ओल्या बॉक्समध्ये उघडी ठेवू नये, कारण ती तुंबली की हवेच्या दाबातील बदलही पातळी म्हणून दिसू लागतो.

पाच बिंदूंवर तपासणी

तपासणीपूर्वी संबंधित पंप आणि व्हॉल्व्ह मॅन्युअलवर घेऊन ऑपरेटरला सांगावे, कारण आपण खोटी पातळी देणार आहोत. ट्रान्समीटरच्या जागी लूप कॅलिब्रेटर, म्हणजे हवा तेवढा प्रवाह देणारे उपकरण, जोडून ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर द्यावेत. एचएमआयवर अनुक्रमे ०, १, २, ३ आणि ४ मीटर आणि पीएलसीत ०, ६९१२, १३८२४, २०७३६ आणि २७६४८ च्या अगदी जवळचे काउंट दिसले पाहिजेत. त्यानंतर ३.५ आणि २१.५ देऊन दोन्ही अलार्म येतात का ते पाहावे आणि शेवटी तार सोडून पाहावी. कॅलिब्रेटर नसेल तर १ किलोओहमचा एक वॅटचा रोध आणि ५ किलोओहमचा दोन वॅटचा वायरवाउंड पॉट (फिरवून बदलता येणारा रोध) एकामागोमाग लावून २४ व्होल्टवर साधारण ३.८ ते १९.२ मिलिअँपिअर मिळवता येतात. त्याच लूपमध्ये मल्टिमीटर मात्र हवाच. मल्टिमीटरची लाल प्रोब मिलिअँपिअरच्या खाचेत ठेवून कधीही २४ व्होल्टच्या दोन टोकांवर टेकवू नये. आतला फ्यूज लगेच जातो. लूप तोडायचा नसेल तर २५० ओहमच्या चॅनलवरील व्होल्टेज मोजावे : १ व्होल्ट म्हणजे ४ मिलिअँपिअर आणि ५ व्होल्ट म्हणजे २० मिलिअँपिअर.

एवढ्यावर थांबू नये. कॅलिब्रेटर केबल व पीएलसी तपासतो, ट्रान्समीटर आणि टाकी तपासत नाही. मकरपुऱ्याच्या त्या टाकीचा चॅनल दुरुस्त केल्यावर आम्ही ती पूर्ण रिकामी केली, तळापासून ट्रान्समीटरच्या दाब घेणाऱ्या पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजले, ते १२० मिलिमीटर निघाले आणि तेवढी भर स्केलिंगच्या खालच्या व वरच्या, दोन्ही किमतींत घातली. मग टाकी हळूहळू भरत दर अर्ध्या मीटरला काचेच्या नळीतील उंची आणि एचएमआयवरचा आकडा शेजारी शेजारी लिहिला, आणि पुन्हा उपसताना पंप ०.५ मीटरवर स्वतःहून थांबतो का, हे टाकीजवळ उभे राहून पाहिले. तो तक्ता, चॅनलचा नंबर, रेंज, १२० मिलिमीटरची भर आणि तारीख यांसह, पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात लावला आहे.